फोटो मी काढला, मग तो माझाच ना?

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. एकीकडून काळी मारबत येते, म्हणजे मिरवून जाळायचा बाईचा भलामोठा पुतळा, दुसरीकडून पिवळी, मागे बडगे म्हणजे तसेच पुरुषांचे पुतळे, ढोलताशे आणि 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात. तेवढ्यासाठी मी एका दुकानाच्या टिनाच्या छपरावर दीड तास बसून होतो. टिन इतकं तापलं होतं की खाली पोतं टाकूनही बसवत नव्हतं. शेवटी एक फ्रेम जमली. पिवळीचा अख्खा चेहरा, मागे काळीचे पसरलेले हात, आणि मधोमध बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पोरगं, दोघींकडे आ वासून पाहणारं.

दोन महिन्यांनी तो फोटो मला एका चौकात दिसला. बारा बाय आठचा फ्लेक्स, कोणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा. मारबत तीच, हात तेच. फक्त पोराच्या जागी भाऊंचा गोल चेहरा चिकटवलेला, आणि खाली शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग. फ्लेक्सच्या कोपऱ्यात डिझाइन करणाऱ्याचा नंबर होता. लावला फोन.

"गूगलवर भेटला न भाऊ," तो शांतपणे म्हणाला. "नाव लिवलं होतं काय तुमचं त्याच्यावर? आन् रजिस्टर करेल हाय काय?"

मी तावातावानं त्याला कायदा ऐकवला. माझं म्हणणं बरोबर होतं. पण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग मलाच माहीत नव्हता. आधी जे बरोबर होतं ते सांगतो.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, २१ जानेवारी १९५८ पासून लागू झालेला. त्यात छायाचित्र हे 'कलाकृती'च्या व्याख्येतच बसवलं आहे, आणि त्यात कलात्मक गुण असो वा नसो, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे फुटाळा तलावावरचा सूर्यास्त असो की ओएलएक्सवर विकायला काढलेल्या कूलरचा फोटो, कायद्याच्या लेखी दोन्ही कलाकृतीच. नोंदणी लागत नाही. शटर दाबलं, फाईल कार्डावर उतरली, की हक्क तयार झाला. नोंदणीची सोय आहे. एका कलाकृतीला ५०० रुपये फी, अर्ज ऑनलाइन, हरकतींसाठी ३० दिवसांची वाट. नोंद झाली की कोर्टात ती प्रथमदर्शनी पुरावा म्हणून धरली जाते. पण नोंद नाही म्हणून हक्क नाही, असं होत नाही.

हक्क मिळायला काम मूळ हवं, दुसऱ्याची नक्कल नको. २००७ साली कायदेविषयक निकालपत्रं छापणाऱ्या ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी स्वतःची निवड, थोडी कल्पकता लागते. फोटोग्राफीत ही अट सहज पुरी होते. कुठे उभं राहायचं, कोणती लेन्स लावायची, कधी थांबायचं, हे सगळं निवडच असतं. आजोबांच्या जुन्या फोटोवर मोबाइल धरून काढलेली नक्कल मात्र त्यात बसणार नाही.

कायदा संरक्षण देतो ते चित्राला. कल्पनेला नाही. ताडोब्यात एका वाघिणीसमोर सहा जिप्सी उभ्या असतात आणि वीसेक कॅमेरे एकदम कडकडतात. वीस जणांचे वीस फोटो, प्रत्येकाचा हक्क आपापल्या फोटोपुरता. 'हा ॲंगल माझा' असं कोणी म्हणू शकत नाही. वाघीण दाखवणारा गाइडही नाही. पुढच्या वर्षी मारबतीला माझ्याच छपरावर दुसरा कोणी येऊन बसला, तर मी पोतं मागे घेऊ शकतो, बाकी काही नाही.

आणि कर्ता कोण? छायाचित्राच्या बाबतीत कायदा एका ओळीत सांगतो: जो फोटो काढतो तो. कॅमेरा कोणाचा, फोटोत कोण आहे, याला काही किंमत नाही. झिरो माइलच्या घोड्यांसमोर उभं राहून तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात मोबाइल देता, "दादा, एक काढा ना", तेव्हा त्या फोटोचा कर्ता तो दादा असतो. त्याला हे ठाऊक नसतं म्हणून आपलं बरं चाललंय.

इथवर मी फ्लेक्सवाल्याला सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाजवळ बसणाऱ्या वकील मैत्रिणीकडे गेलो. सोबत फ्लेक्सचे फोटो, रॉ फाईल म्हणजे कॅमेऱ्यातून जशी निघाली तशी मूळ फाईल, सगळं. तिनं काहीही पाहायच्या आधी विचारलं,

"पैसे कोणी दिले?"

"कशाचे?"

"त्या दिवशीच्या फोटोंचे. तू हौस म्हणून गेला होतास, की कोणाची ऑर्डर होती?"

ऑर्डर होती. एका मंडळानं दिवसभराच्या मिरवणुकीचं काम दिलं होतं. चार हजार रुपये, अर्धे आगाऊ. फोटो पेनड्राइव्हवर दिले, विषय संपला. कागद काहीच नव्हता.

"मग फोटो तुझा नाही," ती म्हणाली. "मंडळाचा आहे. चहा घेतोस?"

कलम १७

माझ्यासारखे वीस वर्षं कॅमेरा गळ्यात अडकवलेले लोकही जे वाचत नाहीत, ते हे कलम. त्याचा सर्वसाधारण नियम आपल्याला हवा तसाच आहे: कर्ता हाच पहिला मालक. पण त्याला अपवाद जोडले आहेत, आणि त्यातला (ख) खंड थेट आपल्या पोटावर येतो. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढलं, तर 'विरुद्ध करार नसल्यास' त्या छायाचित्राचा पहिला मालक काम सांगणारा असतो, काढणारा नाही.

गंमत अशी की हा नियम सगळ्या कलावंतांना नाही. त्यात छायाचित्र येतं, मोबदला घेऊन केलेलं पेंटिंग, पोर्ट्रेट, कोरीवकाम येतं, चित्रपट येतो. लेखन येत नाही. मंडळानं त्याच मिरवणुकीवर स्मरणिकेसाठी पैसे देऊन लेख लिहून घेतला असता, तर लेखाचा कॉपीराइट लेखकाकडेच राहिला असता. मिरवणूक तीच, मंडळ तेच, पैसेही तेवढेच. लेखणीला एक न्याय आणि कॅमेऱ्याला दुसरा. यामागचा विचार समजतो. स्टुडिओत जाऊन घरच्या मंडळींचा फोटो काढला, तर तो दुकानाच्या काचेत लागावा की नाही हे घरच्यांनी ठरवावं. ते रास्तच आहे. पण त्यासाठी सगळा मालकीहक्कच उचलून द्यायची गरज नव्हती. आपला कायदा ज्या ब्रिटिश कायद्यावर बेतला, त्या ब्रिटननं १९८८ च्या कायद्यात हे बदललं. तिथे आता मालकी छायाचित्रकाराची, आणि घरगुती कामासाठी फोटो काढून घेणाऱ्याला तो जाहीर न होऊ देण्याचा वेगळा हक्क. आपल्याकडे अजून जुनंच चाललंय.

लग्नाच्या धंद्यात याचा अर्थ काय होतो ते पाहा. खामल्यातल्या एका लॉनवर लग्न आहे असं समजा. कॅन्डिडवाला, ट्रॅडिशनलवाला, ड्रोनवाला अशी चार जणांची टीम. वधूच्या बापानं ऐंशी हजारांचं पॅकेज घेतलं. बोलणी तोंडी, ॲडव्हान्स यूपीआयनं. तुम्ही हळदीचा एक अप्रतिम फोटो काढलात, आठवड्याभरात तो तुमच्या इन्स्टा पेजवर टाकलात, त्यावर तीन नव्या ऑर्डरी आल्या. तो फोटो टाकायचा हक्क तुमच्याकडे नव्हताच. मालक वधूचे वडील. त्यांनी आक्षेप घेतला तर कॉपीराइटचा भंग करणारे तुम्ही ठरता, स्वतः काढलेल्या फोटोचा.

उलटी बाजूही आहे. मामेबहिणीच्या लग्नात तुम्ही फुकट फोटो काढलेत तर मोबदलाच नाही, म्हणून हा खंड लागत नाही, फोटो तुमचेच. नात्यातल्या फुकट कामाचा एवढा एक फायदा मला आजवर सापडला आहे.

सुटका त्या तीन शब्दांत आहे: 'विरुद्ध करार नसल्यास'. म्हणजे करार केला की गाडी रुळावर. करार तोंडीही असू शकेल, पण वरातीच्या गोंगाटात काय ठरलं होतं हे दोन वर्षांनी सिद्ध कोण करणार? मैत्रिणीनं मला कोटेशनच्या खाली टाकायला मजकूर लिहून दिला, तो असा:

'या कामातील सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील. ग्राहकास ती छायाचित्रे घरगुती वापरासाठी आणि स्वतःच्या सोशल मीडियासाठी कायम वापरता येतील. जाहिरात किंवा विक्रीसाठी वापर करण्यापूर्वी छायाचित्रकाराची लेखी परवानगी घ्यावी लागेल. छायाचित्रकार आपल्या कामाचा नमुना म्हणून ही छायाचित्रे दाखवू शकेल. यास ग्राहकाची संमती: होय / नाही.'

शेवटचं 'होय / नाही' फार कामाचं. लोकांना नाही म्हणायची जागा दिली की बाकीच्या ओळींवर ते कटकट न करता सही करतात, हा माझा अनुभव. आणि सही काम सुरू व्हायच्या आधी हवी. आल्बम दिल्यावर बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेल्या अटीला करार म्हणणं अवघड आहे, कारण समोरच्यानं ती मान्य केव्हा केली? कागदावर सही घेणं जमत नसेल तर हाच मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवून 'मान्य' असं उत्तर तरी मिळवावं. काहीच नसण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

रॉ फाईलवरून रोज भांडणं होतात म्हणून एक सांगतो. कॉपीराइट कोणाचा आणि फाईल कोणाच्या हार्ड डिस्कवर, हे दोन निराळे प्रश्न आहेत. फाईल ताब्यात आहे म्हणून तुम्ही मालक होत नाही. रॉ द्यायची की फक्त निवडलेल्या जेपेग, किती वर्षं सांभाळायची, हेही त्याच कागदावर लिहून टाकावं.

पगारी नोकरीत असलेल्यांचं प्रकरण लवकर आटोपतं. स्टुडिओत महिन्याच्या पगारावर असाल, तर कामाचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंचा मालक स्टुडिओवाला. वर्तमानपत्रात नोकरीला असाल तर थोडं निराळं आहे. डिसेंबरात विधानभवनासमोर काढलेला फोटो वर्तमानपत्रात किंवा नियतकालिकात छापण्यापुरता मालकाचा, बाकीच्या वापराचा हक्क तुमच्याकडे राहतो. अर्थात नेमणूकपत्रात 'सर्व हक्क' लिहून घेतलेले नसतील तरच, म्हणून ते पत्र शोधून एकदा वाचा. सरकारी खात्यानं पुस्तिकेसाठी करून घेतलेलं काम, वेगळा करार नसेल तर, सरकारचं. आणि दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली दिवसाच्या हजेरीवर सेकंड शूटर म्हणून जात असाल, तर तुम्हाला बोलावणारा आणि पैसे देणारा तो आहे हे ध्यानात ठेवा. तुमचे फोटो तुमच्या पेजवर टाकता येतील का, हे लेन्स बॅगेत भरायच्या आधीच विचारा. हजेरी घेतल्यावर विचारून वाईट चेहरे करण्यात अर्थ नाही.

हक्क द्यायचा तर किती द्यायचा

ताडोब्याला, पेंचला स्वतःच्या खर्चानं जाता, मारबतीला हौसेनं जाता, रविवारी सकाळी संत्रा मार्केटमध्ये फिरता. हे सगळे फोटो निर्विवाद तुमचे. ते कोणी मागितले तर दोन वाटा आहेत. एक, वापरायची परवानगी द्या आणि मालकी ठेवा. दोन, हक्कच लिहून द्या. दोन्हीला लेखी कागद लागतो. हक्क लिहून देताना सही लागते, आणि कोणता फोटो, कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, किती पैसे, हे लिहावं लागतं. कागदात काळ लिहिलाच नाही तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि घेणाऱ्यानं एक वर्ष तो हक्क वापरलाच नाही, तर वेगळं ठरलेलं नसल्यास तेवढा व्यवहार संपुष्टात येतो.

म्हणून समोरचे 'कायमचे, जगभर, सर्व माध्यमांत' असे शब्द घालतात. फोटो स्पर्धांच्या प्रवेशअर्जात हे हमखास असतं. पहिलं बक्षीस पाच हजार, आणि आलेल्या सगळ्या फोटोंचे सगळे हक्क आयोजकांना. हरलेल्यांचेसुद्धा. अशी स्पर्धा म्हणजे पाच हजारांत फोटोंचं भांडार उभं करायची युक्ती आहे, असं माझं स्पष्ट मत. इन्स्टाग्राम, फेसबुकवर टाकलेल्या फोटोची मालकी मात्र तुमचीच राहते. तुम्ही त्यांना वापराचा परवाना देता, तोही भरपूर मोठा, पण मालकी जात नाही. तुमच्या पेजवरून तिसऱ्यानं फोटो उचलावा असा परवाना त्यात त्याला मिळत नाही.

वापरणाऱ्यांचेही काही हक्क आहेत. खासगी अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, ताज्या घडामोडीच्या वार्तांकनासाठी रास्त प्रमाणात वापर चालतो. चौकातला कायमचा पुतळा, दीक्षाभूमीच्या स्तूपासारखी वास्तू यांचा फोटो काढला म्हणून शिल्पकाराचा किंवा वास्तुविशारदाचा कॉपीराइट मोडत नाही. मारबत मात्र कायमची उभी नसते, ती त्याच दिवशी जाळली जाते, तेव्हा तिच्या कारागिराच्या हक्काचं काय, असा प्रश्न मैत्रिणीनं मला टाकला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण फोटोवाले स्वतःच्या हक्कांबद्दल बोलताना हा प्रश्न सोयीस्करपणे विसरतो एवढं खरं.

अपवादांत न बसणारी गोष्ट म्हणजे खाली 'साभार: गूगल' लिहिणं. आभार मानले म्हणून परवानगी मिळत नाही. शेजाऱ्याच्या झाडाची संत्री तोडून त्याच्या दारावर 'आभारी आहोत' अशी चिठ्ठी लावण्यासारखंच ते.

किती वर्षं? २०१२ पर्यंत छायाचित्रांना वेगळी, तोकडी मोजणी होती. फोटो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. लेखकाला मात्र हयातभर आणि पुढे ६० वर्षं. २०१२ च्या दुरुस्तीनं छायाचित्राचं ते वेगळं कलमच काढून टाकलं. आता आपल्यालाही हयात अधिक ६० वर्षं, मोजणी मृत्यूच्या पुढल्या वर्षाच्या सुरुवातीपासून. २०४० साली गेलेल्या छायाचित्रकाराच्या फोटोंचा हक्क २१०० सालच्या अखेरपर्यंत चालेल. नातवंडांनी हार्ड डिस्क भंगारात घालू नये म्हणून हे घरी सांगून ठेवलेलं बरं.

नाव

"कॉपीराइट गेला, पण सगळं नाही गेलं," चहा आल्यावर मैत्रीण म्हणाली. कलम ५७. मालकी कोणाकडेही असो, विकलेली असो, आपोआप गेलेली असो, कर्त्याचे दोन हक्क त्याच्याकडेच राहतात. हे काम माझं आहे असं सांगण्याचा एक. आणि कामाची अशी मोडतोड, काटछाट, विद्रूपीकरण होऊ न देण्याचा दुसरा, ज्यानं कर्त्याच्या नावाला किंवा मानाला धक्का लागेल. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं मोठं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं. सरकारनं १९७९ मध्ये ते उतरवून अडगळीत टाकलं. शिल्प सरकारनं घेतलेलं, मालकी सरकारची. तरी २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल सहगलांच्या बाजूनं दिला. शिल्प परत आणि वर पाच लाख रुपये भरपाई.

माझ्या फोटोतल्या पोराचं डोकं कापून तिथे भाऊंचा चेहरा लावणं या कलमात बसेल का? मांडता येईल, ती म्हणाली, पण 'मानाला धक्का लागला' हे दाखवावं लागेल. फोटो थोडा कापला, रंग भडक केला, एवढ्यानं भागत नाही. आणि ग्राहकानं तुमचा आल्बम कपाटात टाकला, कोणाला दाखवलाच नाही, याची तक्रार तर या कलमाखाली करताच येत नाही. तसं स्पष्टीकरण कलमातच दिलेलं आहे. आपल्यासारख्या बऱ्याच जणांनी विचारलं असावं.

नाव फोटोवर असण्याचा रोकडा फायदाही आहे, आणि फ्लेक्सवाल्याचा पहिला प्रश्न तेवढ्यापुरता अगदीच चुकीचा नव्हता. प्रसिद्ध झालेल्या प्रतीवर ज्याचं नाव आहे तोच कर्ता, असं कोर्ट उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरतं. शिवाय भंग करणाऱ्यानं 'कॉपीराइट आहे हे मला माहीत नव्हतं, माहीत असायचं कारणही नव्हतं' हे सिद्ध केलं, तर त्याच्याकडून मनाई हुकूम आणि त्यानं कमावलेला नफा एवढंच मिळू शकतं, नुकसानभरपाई नाही. फोटोवर ठसठशीत नाव असलं की हा बचाव लंगडा पडतो. आणि मालकाची माहिती जाणूनबुजून पुसून टाकणं हा २०१२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून नाव कोपऱ्यात नको, कापताना सहज जातं. फाईलच्या आतल्या माहितीतही नाव, फोन भरून ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ती माहिती गळून पडते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते.

उचलला, मग पुढे?

आधी पुरावा. पोस्ट दिसली की रागानं कमेंट करायच्या आधी पत्ता आणि तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट. फ्लेक्स असेल तर आजूबाजूचा चौक दिसेल असा फोटो, कारण फ्लेक्स चार दिवसांत उतरतो. रॉ फाईल, तिच्या मागचेपुढचे शॉट्स सांभाळा. अख्खी मालिका ज्याच्याकडे, फोटो त्यानंच काढला हे पटवणं सोपं. इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायला प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम ६५ बी खाली असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली. योगायोग असा की नाव पुसण्याचा गुन्हा कॉपीराइट कायद्याच्या ६५ बी मध्ये, आणि मुख्य गुन्हा त्याच्याच ६३ मध्ये. वकिलाशी बोलताना कोणत्या कायद्याचं कलम ते सांगा, नाहीतर दोघंही अर्धा तास वेगवेगळ्या विषयांवर बोलत राहाल.

नेटवरचा फोटो काढून टाकायला त्या संकेतस्थळाला किंवा ॲपला लेखी तक्रार करता येते. नियमांप्रमाणे त्यांनी ३६ तासांत तो दिसणं थांबवायचं असतं. त्यानंतर २१ दिवसांत तुम्ही कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा दाखवू शकतात. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण उचलणारा परत भानगडीत पडत नाही.

नाही मिटलं तर नोटीस, आणि मग दावा. छायाचित्रकाराला इथे एक मोठी सोय आहे. एरवी प्रतिवादी जिथला, दावा तिथे. कॉपीराइटमध्ये तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा टाकता येतो. मुंबईच्या कंपनीनं पेंचच्या वाघाचा तुमचा फोटो कॅलेंडरवर छापला, तर नागपूर सोडायची गरज नाही, त्यांनाच यावं लागेल. रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर व्यावसायिक न्यायालय, आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी.

पोलिसांचाही मार्ग आहे. जाणूनबुजून भंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये सांगितलं. ठाण्यात तुमची तक्रार लगेच घेतली जाईल असा याचा अर्थ नाही. मीही एका फोटोसाठी कोणाला आत टाकायच्या मताचा नाही. नोटिशीत हे कलम नुसतं लिहिलेलं असलं तरी फोन येतो, हे मात्र पाहिलंय. पण हक्क नसताना धमकावू नका. बिनबुडाच्या धमकीबद्दल उलटा दावा करायची सोयही याच कायद्यात आहे.

भरपाईचा ठरलेला आकडा आपल्या कायद्यात नाही. इतका फोटो, इतके रुपये, असं दरपत्रक नाही. म्हणून तुमची जुनी बिलं फार कामाची. अशाच वापरासाठी दुसऱ्याकडून सहा हजार घेतल्याचं बिल असेल तर कोर्टापुढे ठेवायला काहीतरी आहे. फुकटात सगळ्यांना वाटत आलो असू, तर नुकसान किती झालं हे सांगताना आपलीच जीभ अडखळते.

एक गोष्ट कॉपीराइटच्या बाहेरची, पण सोबतच चालणारी. फोटोवर तुमचा हक्क आहे याचा अर्थ फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर तुमचा हक्क आहे असा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. गोकुळपेठेत भाजी घेणाऱ्या बाईचा फोटो प्रदर्शनात लावणं एक, आणि तोच मसाल्याच्या पाकिटावर छापायला विकणं वेगळं. दुसऱ्यासाठी तिची परवानगी लागते, लेखी घ्या. लहान मुलांचे फोटो असतील तर आईबापांची. त्या खांद्यावरच्या पोराच्या बापाला मी तरी कुठे विचारलं होतं?

तर माझा फ्लेक्स. मंडळाच्या सचिवांना भेटलो. ते म्हणाले, "भाऊंनी मागतला, मी देऊन टाकला. आपलाच माणूस हाय." म्हणजे मालकानंच दिला होता. लेखी परवाना नव्हता, पण त्यावर आक्षेप घ्यायचा हक्क मालकाचा, माझा नाही. गूगलवर भेटला हे डिझाइनवाल्यानं आपलं ठोकून दिलं होतं. माझ्या हातात कलम ५७ तेवढं उरलं. मी सचिवांना म्हणालो, पैसे नको, पुढच्या वेळी फोटोखाली नाव टाका. त्यांनी लगेच मान्य केलं, वर चहा, आलूबोंडा.

यंदा पोळ्याला मंडळाचा नवा फ्लेक्स लागला, फोटो माझाच, पोरगं या वेळी जागेवर होतं. नाव दिसेना म्हणून डिझाइनवाल्याला फोन केला. "हाय न भाऊ, खाली उजवीकडे," तो म्हणाला. जाऊन पाहिलं. होतं. फ्लेक्स ज्या लाकडी पट्टीवर ठोकला होता, त्या पट्टीमागे अर्धं दुमडलेलं.